मापाचा शेर, वजनाचा शेर

आमच्या घरात पितळेचं एक माप आहे. कडेला जाड काठ, बुडाला थोडा पोचा, अंगावर कासारानं ठोकलेल्या खुणा. नातवंडं त्यात पेनं-पेन्सिली ठेवतात. त्याला शेर म्हणायचे, हे त्यांना सांगितलं की ती हसतात. शेर म्हणजे वाघाचा भाऊ, एवढंच त्यांना ठाऊक. ह्या शेरानं आमच्या घरात एकदा काय केलं, ते लिहून ठेवावं असं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं.

आमचं गाव केजपासून दोन कोसांवर. आता धनेगावला मांजरेचं धरण आहे, त्याच्या पाण्यावर ऊस दिसतो. माझ्या लहानपणी धरण नव्हतं. ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी, त्याचाच ऊस, आणि तोही मोटेवर. सगळ्या शिवारात पाच-सहा घरांचा मिळून काय तो ऊस असायचा. बाकी ज्वारी, बाजरी, तूर, करडई. आमच्या आबाचा, म्हणजे आज्याचा, विहिरीखाली दीड एकर ऊस होता. त्याला लागूनच धाकल्या आजीचा अर्धा एकर. धाकली आजी म्हणजे आबाच्या धाकट्या भावाची बायको. पोलीस ॲक्शनच्या आदल्या साली तिचा नवरा तापानं गेला. तिला एक पोरगी, तिचंही लगीन लवकरच झालं. पुढं ती एकटीच. जमीन तिच्या नावची, बैल आबाचे, मोट आबाची, गुऱ्हाळही आबाचं.

गुऱ्हाळ पौषात लागायचं. लोखंडी चरक, त्याला जुंपलेली बैलजोडी, गोल फिरणारं लाकूड आणि त्याच्यावर बसायला भांडणारी आम्ही पोरं. रस काहिलीत पडायचा. खाली चुलवण, त्यात वाळलेली चिपाडं सारायची. रस तापला की वर मळी यायची. रानभेंडीचा चीक घातला की ती एकवटून यायची आणि झाऱ्यानं काढून टाकायची. गुळव्या आमच्याकडं धारूरच्या बाजूचा यायचा. त्याच्याजवळ ना घड्याळ, ना तापमापक. उकळीचा आवाज आणि बुडबुड्याचा आकार बघून तो सांगायचा, “आता काकवी काढा.” पुढं हायस्कुलात शिकलो तेव्हा कळलं, काकवी काढायची ती साधारण १०५ अंशांच्या आसपास, आणि गुळाचा पाक उतरवायचा तो ११५ च्या वर गेल्यावर. तो माणूस हे दहा अंश कानानं ओळखत होता.

धाकली आजी गूळ करत नव्हती, सगळी काकवीच काढायची. गुळाला जळण जास्त, गुळव्याची मजुरी जास्त, आणि ढेप बिघडली तर सगळंच गेलं. काकवीचं तसं नाही. तिची काकवी काहिलीजवळच मोजली जायची. शेतात तागडी कुठून असणार? आबाचं पितळेचं माप असायचं. घागरीतून मापात, मापातून रॉकेलच्या धुतलेल्या डब्यात. मोजणारा मोठ्यानं म्हणायचा, “लाभ, दोन, तीन…” आमच्याकडं मोजताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. चाळीस झाले की आबा म्हणायचे, “एक मण झाली. लिहून घ्या.”

डबे बैलगाडीनं बाजाराला जायचे, कधी केजला, कधी मोमिनाबादला, म्हणजे आताच्या अंबाजोगाईला. तिथं आडत्या तागडीनं वजन करून घ्यायचा. आबा परत येऊन धाकल्या आजीला चाळीस शेरांचे पैसे मोजून द्यायचे. शेराचा भाव आडतीत जो असेल तोच, त्यात आबानं कधी एक पैसा कमी केला नाही. गावात सगळे म्हणायचे, विधवा भावजयीचं असं चोख करणारा दीर बघायला मिळत नाही. आणि आबा सांगायचे, “आपल्या गुऱ्हाळाला बरकत हाय. घरून निघताना चाळीस शेर असतं, आडतीत जाऊस्तोर वाढतं.”

ही बरकत काय होती, ते समजायला आधी मोजमापाची तेव्हाची तऱ्हा सांगायला पाहिजे.

आमच्याकडं दोन हिशेब शेजारी-शेजारी नांदत होते. एक मापाचा: निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. ह्या मापांनी धान्य मोजायचं, शिगोशीग. दूध, तेल, काकवी काठोकाठ. दुसरा हिशेब तागडीचा: गुंज, मासा, तोळा, छटाक, पावशेर, अच्छेर, शेर, मण. पाच तोळ्यांची छटाक, सोळा छटाकांचा शेर, म्हणजे ८० तोळे, आणि चाळीस शेरांचा मण. सोनं, गूळ, हळद, मिरची, कापूस तागडीवर.

आता ह्या दोन्ही रांगा नीट बघा. दोन्हींत एकच शब्द सामाईक आहे. शेर. मापाचाही शेर आणि वजनाचाही शेर. एक भांड्याच्या पोटात मावणाऱ्या जागेचा, दुसरा जड-हलक्याचा. ज्वारीच्या बाबतीत सगळ्यांना ठाऊक होतं की मापाचा शेर आणि तागडीचा शेर सारखा नसतो, कारण ज्वारीचा व्यवहार रोजचा. पण काकवी वर्षातून एकदाच, आणि तीही दोन-तीन घरांची. तिच्यासाठी कोण डोकं खपवणार? शेर म्हणजे शेर.

नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ह्याच लोकांना पैशाच्या बाबतीत असला घोटाळा कधी झाला नाही. आमचा मुलूख मोगलाईत, निजामाच्या राज्यात. इथं हाली रुपया चालायचा आणि पलीकडं, नगर-सोलापूरकडं, कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे शेळ्या राखणारं पोरगंसुद्धा सांगायचं. रुपया म्हटलं की पहिला सवाल, “हाली का कलदार?” १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, तरी हा सवाल पुढं काही वर्षं चालूच होता. रुपयाला विचारला तो सवाल शेराला कुणी विचारला नाही. मापाचा का वजनाचा? विचारला असता तर पुढचं काही झालं नसतं.

१९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच वर्षाच्या अखेरीला दिल्लीत वजनमापांचा नवा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ला आधी पैसे बदलले. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे आले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे, पण पाव पैसा कोण देणार? आण्याला सहा मिळाले की म्हाताऱ्या माणसांना वाटायचं, दुकानदारानं लुबाडलं. मग १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला, आणि एप्रिल १९६२ पासून जुनी वजनं देशभर बंद झाली. मधल्या काळात महाराष्ट्र राज्यही झालं होतं. शाळेच्या भिंतीवर मोठा तक्ता लागला. एक तोळा म्हणजे ११.६६४ ग्रॅम. एक शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. एक मण म्हणजे ३७.३२४ किलो. एक किलो म्हणजे जवळजवळ ८६ तोळे. ही कोष्टकं आम्ही पाढ्यांसारखी घोकली.

मी तेव्हा सहावीत. आमचे गुरुजी सोलापूरकडचे होते. त्यांनी एक दिवस लिटरचं माप आणि तागडी वर्गात आणली. मापात पाणी भरलं, भांड्याचा धडा केला, म्हणजे रिकाम्या भांड्याइतकं वजन दुसऱ्या पारड्यात ठेवून काटा जुळवून घेतला, आणि दाखवलं की लिटरभर पाणी किलोभर भरतं. सगळ्या वर्गानं मान डोलावली. लिटर म्हणजे किलो. सोपं झालं. गावातही हेच पसरलं. गुरुजींनी हे चेहऱ्यावरून ओळखलं असणार. ते म्हणाले, “पाण्याचं झालं. आता प्रत्येकानं घरी जाऊन एक-एक पातळ जिन्नस मोजून आणायचा. कुणी दूध, कुणी करडईचं तेल. ज्याच्या घरी गुऱ्हाळ चालू आहे त्यानं काकवी.” वर्गात गुऱ्हाळवाला मी एकटाच.

जानेवारी १९६२ मधली ही गोष्ट. आबानं नवी वजनं घेतली होती, शिक्के मारलेली. लिटरचं माप मात्र अजून घेतलं नव्हतं. तेव्हा मी पितळेचा शेरच घेतला. संध्याकाळी ओसरीवर तागडी टांगली. आबा खांबाला टेकून बसलेले. बाप बैलांना चारा टाकून आलेला. धाकली आजी आतल्या दाराशी. ती आबांच्या समोर येत नव्हती. डोक्यावरचा पदर पुढं ओढून चौकटीआड उभी राहायची, आणि आबांना काही सांगायचं असलं तर माझ्या तोंडून सांगायची. “आबाला म्हणावं, उद्या बैल लागतील का.” आबा तिथंच बसलेले, त्यांना ऐकू गेलेलं असायचं, तरी मी परत म्हणायचो. मग आबाही मलाच म्हणायचे, “सांग, परवा देतो.” जेठ आणि भावजय असेच बोलायचे. माझ्या लहानपणाचा बराच भाग ह्या निरोपांत गेला.

मी मापाचा धडा केला. पाणी भरून वजन केलं. ९६० ग्रॅम भरलं. म्हणजे आमच्या मापाचा शेर पाण्याच्या हिशेबानंही वजनाच्या शेराहून थोडा मोठाच होता. कासारानं हातानं घडवलेलं माप, ते कुठं ग्रॅमा-ग्रॅमाला जुळणार? मग माप कोरडं करून त्यात काकवी भरली, काठोकाठ. दुसऱ्या पारड्यात किलो ठेवला. काकवीचं पारडं हललंच नाही, खालीच. दोनशे ग्रॅम टाकले. तरी खाली. आणखी शंभर टाकले, तेव्हा काटा सरळ झाला. एक किलो तीनशे ग्रॅम.

मी पोरकटपणानं मोठ्यानं ओरडलो, “आबा, आपला काकवीचा शेर एक किलो तीनशेचा हाय! तक्त्यावर शेर नऊशे तेहतीसचा लिवलाय.”

कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, मी चुकलो. पुन्हा वजन केलं. तेवढंच. तेवढ्यात दाराआडून आवाज आला. ह्यावेळी तिनं “आबाला म्हणावं” असं म्हटलं नाही. मलाच विचारलं.

“म्हंजी बाळा, मपला शेर बाजारातल्या शेरापेक्षा मोठा हाय का रं?”

आबा म्हणाले, “उचल ते समदं. झोपा आता.”

दुसऱ्या दिवशी वहीत आकडे लिहून मी शाळेत गेलो. गुरुजींनी शाबासकी दिली आणि फळ्यावर समजावून सांगितलं. ते मी इथं माझ्या शब्दांत मांडतो, कारण काकवी-मध विकणाऱ्यांच्या आजही ते कामाचं आहे.

पाण्यात साखर विरघळली की पाण्याची जागा वाढते, पण वजन त्याहून जास्त वाढतं. चांगल्या काकवीत शंभर भागांत सत्तरच्या आसपास भाग साखरेचे असतात. म्हणून लिटरभर काकवी साधारण १ किलो ३५० ग्रॅम भरते. पातळ असेल तर तेराशेच्या आसपास, दाट असेल तर चौदाशेच्या जवळ. मध आणखी जड, लिटरला चौदाशेच्या आसपास किंवा थोडा वर. साखर कारखान्याची मळीही तशीच जड. तेव्हा काकवीच्या लिटराचे किलो करायचे तर १.३५ नं गुणा, किलोचे लिटर करायचे तर १.३५ नं भागा. अचूक पाहिजे असेल तर आपलंच भांडं घ्या, धडा करा, एकदा पाणी भरून वजन करा, एकदा काकवी भरून. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा. जे येईल तो तुमच्या त्या दिवसाच्या काकवीचा आकडा. दुसऱ्या आधणाचा वेगळा येईल.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. काकवी गरम असताना मोजली तर ती फुललेली असते, वर फेस असतो, माप लवकर भरतं. थंड झाली की तीच खाली बसते. आणि थंड काकवी मापाला चिकटते, दर खेपेला थोडी आत राहते. ती कुणाची, देणाऱ्याची का घेणाऱ्याची? हा सवाल फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांचा अख्खा अध्याय आहे. गरम करून मोजल्याबद्दल तुपाचा बत्तिसावा आणि तेलाचा चौसष्टावा हिस्सा वरून द्यावा, आणि मापाला लागून राहतं म्हणून पातळ पदार्थांचा पन्नासावा हिस्सा, असे नेम त्यात दिले आहेत. उसाच्या रसाचे प्रकारही त्याच ग्रंथात आहेत, काकवीसारख्या फाणितापासून गूळ, खडीसाखरेपर्यंत. म्हणजे जो सवाल आमच्या ओसरीवर उठला, त्याची दखल राजाच्या कारभाऱ्यांना हजारो वर्षांपूर्वी घ्यावी लागली होती. तागडीवर हा सवाल उरतच नाही. भांड्यात जे आहे ते वजन दाखवतं, गरम असो की गार.

मापानं विकण्यात आणखी एक खोट आहे. जितकी काकवी जास्त आटवावी, तितकी ती टिकाऊ आणि चांगली, पण तितकी ती कमी होते. मापानं विकणाऱ्याला पातळ काकवी फायद्याची. पाणी वजनातही खपतं, पण मापात जास्त खपतं. धाकल्या आजीची काकवी दाट असायची. पातळ काकवी उन्हाळ्यात आंबते, गिऱ्हाईक शिव्या देतं, म्हणून ती गुळव्याला थांबवून आणखी आटवून घ्यायची. तिच्या चांगुलपणानंच तिचं माप कमी भरत होतं.

हिशेब सरळ होता. चाळीस मापं म्हणजे ५२ किलो. ५२ किलोचे जुने वजनी शेर होतात पावणेछप्पन. आडत्या पावणेछप्पन शेरांचे पैसे देत होता, डब्याला चिकटलेलं थोडं वजा करून. तिला चाळीसांचे मिळत होते. सात रुपयांतले पाच. मधले दोन रुपये म्हणजे आबांची बरकत. नवरा गेल्यापासून चौदा गुऱ्हाळं झाली होती. दरसाल चाळीस मापं धरली आणि फरक साडेपंधरा शेरांचा धरला, तर पाच मण सतरा शेर काकवी झाली.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण धाकल्या आजीला लिहिता-वाचता येत नसलं, तरी हिशेब येत होता. ती चार दिवस गुऱ्हाळावर आली नाही. तिचा अर्धा ऊस तसाच उभा होता. मग भावकीतली दोन म्हातारी माणसं आमच्या ओसरीवर बसली. मला चहा द्यायला आत-बाहेर करावं लागत होतं, म्हणून मी ऐकलं. एक जण म्हणाला, “ज्याला ठावं नव्हतं, तो चोर कसा?” दुसरा म्हणाला, “मागलं मोजत बसलं तर कुणाच्याच घरात काही राहायचं न्हाई. मागलं तागडीवर चढत नसतं.” आबा खाली बघत बसले होते. ते म्हणाले, “माझा बाप ह्याच मापानं मोजत होता. मी कुठं माप बदललं?” ते खरंच होतं. माप त्यांनी बदललं नव्हतं.

धाकल्या आजीनं मला आत बोलावलं आणि निरोप दिला. मी तो बाहेर जाऊन जसाच्या तसा सांगितला. दहा-अकरा वर्षांच्या पोराला त्यातलं काय कळत होतं, पण शब्द मात्र आजही पाठ आहेत.

“आबाला म्हणावं, मागलं मी मागत न्हाई. चोरबी म्हणत न्हाई. पर इथून पुढं त्याला बरकत म्हनू नका.”

आबा उठून आत गेले. संध्याकाळी बापानं तागडी गुऱ्हाळावर नेली. त्या सालापासून तिची काकवी तागडीनं मोजली गेली. दोन सालं आबांनी तिच्याकडून काहिलीचं भाडं आणि बैलांचे पैसे घेतले नाहीत. तेवढं झालं. माफीचा शब्द कुणी काढला नाही, आणि तसा शब्द काढायची आमच्याकडं रीतही नव्हती. पण त्यानंतर ती माझ्या तोंडून आबांना निरोप कमी पाठवायची. बापाला सांगायची.

१९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या. ऊस गेला, बैल विकले, माणसं खडी फोडायला गेली. गुऱ्हाळ जे बंद झालं ते पुन्हा लागलं नाही. चरक मोडीत गेला. काहील बरीच वर्षं जनावरांना पाणी पाजायला होती. आबा दुष्काळाच्या आधीच गेले होते. धाकली आजी त्यानंतर दहा-बारा वर्षं होती. जायच्या आधी तिनं लेकीला सांगून ते पितळेचं माप आमच्या घरी पाठवलं. ते तिच्याकडं कधी गेलं होतं, हेच आम्हांला ठाऊक नव्हतं. आबांनी दिलं होतं का तिनं मागून नेलं होतं, ते आता कळायला मार्ग नाही.

ही गोष्ट इथं संपली असती. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या गावात माणूस दगावला नाही, पण वाड्याच्या भिंतीला भेगा गेल्या. पुढच्या साली आम्ही माडी उतरवली. तेव्हा भिंतीतल्या एका कोनाड्यात फडक्यात बांधलेली आबांची बही सापडली. मोडीत लिहिलेली. मला मोडी येत नाही. अंबाजोगाईच्या एका ओळखीच्या निवृत्त तलाठ्याला येत होती. त्यांनी एक दुपार घालवून काही पानं वाचून दाखवली. बियाणं, सालगड्याचा पगार, देवाचं तेल. मग काकवीचं पान आलं.

ते म्हणाले, “इथं दोन आकडे आहेत. काकवी मापी ४०. त्याच्याखाली वजनी ५५॥. आणि बाजूला, जास्ती १५॥ काहील खाती.”

मी म्हणालो, “पुन्हा वाचा.”

त्यांनी पुन्हा वाचलं. पुढच्या सालाचं पान बघितलं. तिथंही दोन आकडे. मापी आणि वजनी, आणि जास्तीचे काहील खाती. असं पाच सालांचं सापडलं, बाकीची पानं कसरीनं खाल्ली होती.

म्हणजे आबांना ठाऊक होतं. मापाचा शेर वेगळा आणि वजनाचा वेगळा, हे आकडे त्यांनी स्वतःच्या हातानं शेजारी-शेजारी लिहिले होते. पण “काहील खाती” असंही लिहिलं होतं. काहिलीचं भाडं ते तिच्याकडून वेगळं घेतच होते. मग हे कसलं? कदाचित त्यांना वाटत असेल, बैल माझे, गाडी माझी, बाजाराचा हेलपाटा माझा, तर एवढं आपल्याला लागू आहे. कदाचित नुसतंच लिहून ठेवलं असेल, उरलेलं कुठं तरी लिहायला पाहिजे म्हणून. लुबाडणारा माणूस लुबाडल्याचा आकडा लिहून ठेवतो का? आणि चोख माणूस तो आकडा चौदा वर्षं लपवून ठेवतो का? मी दोन्ही बाजूंनी पुष्कळ विचार केला. आता पंचाहत्तरीला आलो, तरी तागडी कुठल्याच बाजूला झुकत नाही. एक मात्र खरं. ओसरीवर त्यांनी “मी कुठं माप बदललं” म्हटलं, तेव्हा खरं बोलूनही ते सगळं बोलत नव्हते. आणि तागडी टांगलेल्या त्या संध्याकाळी त्यांना नवं काहीच कळलं नव्हतं. नवं कळलं ते धाकल्या आजीला.

मला वाटतं, नवीन मापांचा कायदा आला त्याचा आमच्यासारख्या गावाला झालेला खरा फायदा हा होता. आकडे सोपे झाले ते झालेच, पण त्याहून मोठं म्हणजे जागेला लिटर आणि वजनाला किलो अशी दोन वेगळी नावं मिळाली. एका नावाखाली दोन गोष्टी लपायच्या, ते बंद झालं. आता दुकानातल्या मधाच्या बाटलीवर वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. घट्ट, चिकट माल वजनानंच विकावा, असा नेम आहे. तेलाच्या पिशवीवर तर लिटर आणि ग्रॅम दोन्ही असतात. ते बघितलं की मला दाराआडचा आवाज आठवतो.

आमच्या जिल्ह्याला तागडीचं महत्त्व कुणी शिकवायला नको. दरसाल दिवाळीच्या आसपास केज, धारूर, वडवणी, पाटोद्याकडची हजारो कुटुंबं कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. त्यांची मजुरी टनावर. ऊस कारखान्याच्या काट्यावर चढतो, आकडा दुसऱ्याच्या खोलीत उमटतो, आणि त्या आकड्यावर सहा महिन्यांची उचल फिटते किंवा अंगावर राहते. ज्याच्या हातात काटा, त्याच्या हातात पुढचं साल.

गेल्या हिवाळ्यात केजहून अंबाजोगाईला जाताना रस्त्याच्या कडेला एक गुऱ्हाळ दिसलं. डिझेलचं इंजिन, तीन काहिली. विशीतला एक पोरगा बाटल्यांत काकवी भरत होता. मी भाव विचारला. त्यानं सांगितला आणि विचारलं, “लिटरनं देऊ का किलोनं, काका? भाव एकच हाय.”

मी म्हणालो, “किलोनं दे.”

तो हसला. “समदे लिटरनंच घेतात. माप बरं पडतं.”

मी त्याच्याच इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामं माप ठेवायला लावलं, काटा शून्यावर आणायला लावला आणि लिटर भरायला सांगितलं. आकडा आला १ किलो ३४०. तो आकड्याकडं बघत राहिला. मग त्यानं रांगेत भरून ठेवलेल्या बाटल्यांकडं बघितलं.

“म्हंजी दर लिटरला तीनशे चाळीस ग्रॅम फुकट जातेत वो माझे?”

“व्हय.”

“आन हे कवापासून?”

“तू कवापासून लिटरनं विकतोस?”

तो बोटं मोजायला लागला. मी म्हटलं, मागलं राहू दे, आजच्या बाटल्यांवर वजन लिही. त्यानं आतून खडू आणला.